पिल्लाची आई बघितली का

यजमानांना अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. पाय हळूहळू सावरला. काठी घेऊन ते गेटपर्यंत जायचे. पण हात मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. तीस वर्षं ते फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो लाकडी नमुना दाबतात, तो घडवायचं काम. सागवानावरनं अंगठा फिरवून कुठं किती घासायचं राहिलंय ते सांगायचे. त्या माणसाच्या शर्टाची बटणं आता मी लावत होते.

शब्द चार-पाचच उरले होते. व्हय, नको, पाणी, बास. आम्हाला मूलबाळ नाही, राजारामपुरीतल्या त्या घरात आम्ही दोघंच. दिवसभरात घरात जे बोललं जायचं ते मीच बोलायचे, आणि संध्याकाळी माझाच आवाज मला नकोसा व्हायचा. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई रबरी चेंडू हातात देऊन म्हणायच्या, "दाबा काका." ते चेंडूकडं बघायचे, मग माझ्याकडं, आणि म्हणायचे, "बास."

समोर एक बँकेतलं कुटुंब भाड्यानं राहायला आलं. त्यांच्याकडं करड्या रंगाचं, लांब केसांचं पर्शियन मांजर होतं. सत्यनारायणाच्या प्रसादाला गेलो तेव्हा ते मांजर सरळ येऊन यजमानांच्या मांडीवर बसलं, नेमकं त्या उजव्या हातावर. हात त्याच्या अंगाखाली अडकला. मी उचलायला पुढं झाले तर हे म्हणाले, "नको." मग माझं लक्ष गेलं. बोटं हलत होती. केसांत शिरत होती आणि बाहेर येत होती. अगदी थोडी, पण हलत होती.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही समोर जाऊ लागलो. महिनाभर. मग त्या गृहस्थांची बदली झाली आणि ते मांजर घेऊन निघून गेले. यजमान गेटपाशी उभे राहून समोरच्या कुलपाकडं बघायचे. एका सकाळी चहा घेताना त्यांनी डावा हात उजव्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मांजर." दीड वर्षात आलेला नवा शब्द तो.

आमच्या गल्लीत रस्त्यावरच्या पिल्लांना तोटा नव्हता. पण यजमानांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. एक ओरखडा लागला तरी रक्त थांबायला तास लागायचा. डॉक्टर म्हणाले, आणायचंच असेल तर थंड स्वभावाचं आणा, अंगावर उडी मारणारं नको. म्हणून पर्शियन शोधायचं ठरलं.

मी शाळेत मुलींना विज्ञान शिकवायचे. प्रयोगवहीत 'असे दिसून आले' लिहिण्याआधी खरंच दिसलं का, हे विचारणारी बाई म्हणून मुली मला घाबरायच्या. त्याच मी हे पिल्लू मोबाइलवरचा फोटो बघून ठरवलं. फोनवर तरुण माणसाचा आवाज होता.

"मावशी, एक नंबर पीस हाय. दोन म्हैन्याचं. लस झालीया. कागद देतो."

"घरी येऊन बघितलं तर चालेल का?"

"कशाला तरास घेतासा? मीच आणून देतो की, कावळा नाक्याला."

मला तो त्याचा चांगुलपणा वाटला. मोटरसायकलवरनं आला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. भाजीच्या प्लॅस्टिकच्या टोपलीवर टॉवेल टाकलेला. आत मूठभर पिल्लू. करडंच, कपाळावर डाव्या बाजूला पांढरा पट्टा, डोळ्यांतून पाणी. मी विचारलं होतं, हे मला लिहिलं पाहिजे. विचारलं होतं, "ह्याची आई कुठाय?"

"आई चंदगडला हाय. माहेरी गेलीया," म्हणाला आणि हसला. मीही हसले. पाच मिनिटांत तो निघून गेला. रिक्षात टोपली मांडीवर घेतली तेव्हा पिल्लाच्या अंगाला फिनेलचा वास येत होता. स्वच्छता ठेवत असतील, असं मला वाटलं.

पहिले तीन दिवस आमच्या घरात इतका आनंद होता की त्याची आठवण आता मला सोसत नाही. पिल्लू यजमानांच्या मांडीवरच असायचं. नॅपकिनवर झोपायचं. उजव्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरनं मानेकडून शेपटीकडं जायची, मग डाव्या हातानं उजवा हात उचलून परत मानेशी ठेवायचे. व्यायामाच्या बाई दारात उभ्या राहून बघत राहिल्या. "ह्याच्यासाठी मी दीड वर्ष घसा फोडतेय," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी पिल्लानं दूध सोडलं. पाण्याच्या वाटीपाशी जायचं, वाटीवर मान टाकून बसायचं, पण प्यायचं नाही. मग उलट्या, मग रक्ताची हगवण. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि बोलायला फटकळ.

"किती दिवसांचं म्हणून दिलं?"

"दोन महिन्यांचं."

त्यांनी पिल्लाचं तोंड उघडून मला दाखवलं. "ह्या मागच्या दाढा आत्ता कुठं फुटतायत. पाच आठवडे, फार तर. हे आईच्या पोटाशी असायला पाहिजे होतं. लसीचं कार्ड बघू."

मी कार्ड दिलं. त्यावर शिक्का होता, सही होती, बाटलीची चिठ्ठी चिकटवायची जागा रिकामी होती.

"लस झालेलीच नाही. एवढ्या लहान पिल्लाला देतच नाहीत." मग त्यांनी तपासणीची पट्टी लावली. दोन रेघा उमटल्या. मांजरांचा पार्व्हो म्हणतात त्याला. पांढऱ्या पेशी संपतात आणि आतडी आतून सोलून निघतात. एवढ्या लहान वयात बहुतेक वाचत नाहीत, हे त्यांनी सरळ सांगितलं. यजमान खुर्चीत बसून ऐकत होते. लोकांना वाटतं बोलता येत नाही म्हणजे कळत नाही. त्यांना सगळं कळत होतं.

"आई बघितली होती का पिल्लाची?" डॉक्टरीण बाईंनी शेवटी विचारलं.

मी कार्ड पर्समध्ये ठेवलं.

सलाइन, इंजेक्शनं, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून, असं तीन दिवस चाललं. सातव्या दिवशी दुपारी ते यजमानांच्या मांडीवरच गेलं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर आले तर ह्यांचा हात अजून त्याच्या पाठीवरनं फिरत होता, मानेकडून शेपटीकडं. पिल्लाचे डोळे उघडे होते आणि त्यावर एक माशी होती. "अहो, गेलं ते," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं, पण हात थांबेना. डॉक्टर म्हणतात अशा हाताला थांबायलाही शिकवावं लागतं. मी त्यांची बोटं एकेक करून केसांतून सोडवली.

मागच्या अंगणात खोल खड्डा काढून, चुना टाकून पुरलं. अंथरूण, टोपली, नॅपकिन जाळलं. ब्लीचिंगच्या पाण्यानं सगळ्या फरशा पुसल्या. हा विषाणू घरात वर्षभर टिकून राहतो म्हणे. माझ्या हातांची साल निघाली.

त्या माणसाला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता. तो शांत होता.

"मावशी, माझ्याकडनं खेळतं-बागडतं नेलतासा. तुमी काय खायला घातलासा त्येला?"

"ते पाच आठवड्यांचं होतं."

"आसं कोण म्हणतंय? बरं, जाऊ दे. दुसरं देतो की. त्याच लॉटमधलं हाय."

लॉट. मी फोन ठेवला.

पंधरा दिवस घरात काही बोलणं नव्हतं. यजमान मांडीवर टॉवेलाची घडी घेऊन बसायचे. मला ते बघवेना. मी परत दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "मला नीट शोधायचंय. काय विचारायचं असतं ते सांगा."

डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मला वाटतं त्या मला ओरडणार होत्या, पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पिल्लू बघायला जाऊ नका. आई बघायला जा. ती कुठं झोपते ते बघा. तिची किडनी-हृदय तपासलंय का, कागद बघा. किती वेळा व्यालीय विचारा. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू देतो म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या. आणि घरी येऊ नका म्हणणाऱ्याचा तर आधी ठेवा."

मी वही घेऊन फोनला बसले. सांगली, मिरज, इचलकरंजी. एकानं "आईचा फोटो पाठवतो" म्हणून इंटरनेटवरचं चित्र पाठवलं. खाली दुसऱ्याच देशातल्या दुकानाची खूण होती. एक जण म्हणाला, "काकू, मांजर पाहिजे का पंचनामा करायचाय?" एका बाईंनी किडनीची तपासणी म्हटल्यावर विचारलं, "म्हंजे मांजराला मूतखडा हुतोय व्हय?" अशी दोन पानं भरली. शेवटी डॉक्टरीण बाईंनीच कुरुंदवाडच्या एका बाईंचा नंबर दिला. "त्या द्यायला फार राजी नसतात," एवढंच म्हणाल्या.

कुरुंदवाडच्या बाईंनी माझा एकही प्रश्न आधी ऐकला नाही. घर स्वतःचं का भाड्याचं? पुराचं पाणी येतंय का? खिडक्यांना जाळी हाय का? याआधी मांजर होतं का, आणि त्याचं काय झालं? मी सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, "या एकदा. न्यायला येऊ नका, बघायला या. यजमानांना बी आणा."

गाडी करून गेलो. नदीपासून फार लांब नसलेलं दुमजली घर, खाली धान्याचा व्यापार. बाई पन्नाशीच्या, कपाळावर विभूती, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. पडवीत खुर्च्या टाकल्या आणि मधलं जाळीचं दार लावून घेतलं.

"राग मानू नका अक्का. तुमच्या घरात तो रोग हुऊन गेलाय. कपड्यावरनं, चपलेवरनं येतोय."

मला राग नाही, लाज वाटली. जाळीतून आत दिसत होतं. त्यांच्या सासूबाई पाटावर बसून शेंगा फोडत होत्या, त्यांच्या मांडीला टेकून एक पांढरं मांजर झोपलं होतं. दुसरं खिडकीत. घराला घराचाच वास होता, शेंगांचा आणि धुण्याचा. बाई जाळीपलीकडं बसून एकेक मांजर दाखवत होत्या. दोनदा व्याली की ऑपरेशन करतात. म्हातारी झालेली इथंच राहतात. सोनोग्राफीचे कागद फायलीत लावलेले.

"किती आहेत एकूण?" मी विचारलं.

"पाच. पाचाच्या वर ठेवत न्हाई. पुरात दोनदा ह्यास्नी घेऊन नावेत बसलोय. नावेत मावतील तेवढीच ठेवायची."

मग त्यांनी विचारलं, "घरात तुम्ही दोघंच?"

"हो."

"यजमान असे. तुमचं वय पासष्टीच्या पुढं. मांजर पंधरा वर्षं जगतंय. तुमच्या मागं कोण बघणार?"

असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं. नातेवाइकांनीही नाही. मी म्हणाले, "तुम्ही परत घ्याल का?"

"घेते. माझ्याकडनं गेलेलं कधी बी परत घेते, तसं लिहून देते. पण ते तुम्ही आधी विचारायला पाहिजे हुतं." मग यजमानांकडं वळून जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, वर्षभर तुमच्या घरात माझं पिल्लू देणार न्हाई मी. ते मरंल. कळतंय न्हवं?"

"व्हय," यजमान म्हणाले.

आतून सासूबाईंनी कानडीत काहीतरी विचारलं. बाईंनी कानडीतच उत्तर दिलं आणि म्हातारीनं आमच्याकडं बघून चुकचुक केलं. आम्ही उठलो तेव्हा बाई जाळीपाशी आल्या.

"त्या पिल्लाच्या आईला बघितलासा का नंतर तरी?"

"चंदगडला आहे म्हणाला तो."

"पाच आठवड्याचं पिल्लू चंदगडनं एकटंच आलं व्हय? इथंच असंल कुठंतरी जवळ. पोरं अशी ओढून नेली की आईच्या अंगावर दूध तटतंय. गाठी हुत्यात. ताप येतोय. तिच्याकडं कोण बघतंय?"

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस होता आणि मी त्या एका वाक्यापाशी अडकून बसले होते. महिनाभर मी आमच्या दुःखाचा विचार करत होते. ती कुठंतरी होती, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

त्याच माणसाकडनं फसलेल्या आणखी एक बाई दवाखान्यात यायच्या. त्या भांडायला त्याच्या घरी गेल्या होत्या, त्यांनी रस्ता सांगितला. शेजारीणबाईंना यजमानांपाशी बसवून मी एका दुपारी उचगावला गेले. बंद पडलेल्या वेल्डिंगच्या शेडमागं दोन पत्र्याच्या खोल्या. पंचविशीची एक बाई कणकेचे हात तसेच घेऊन दारात आली.

"मांजर बघायला आलासा? या की."

तिनं मला गिऱ्हाईक समजून आत नेलं. मी तिला समजू दिलं. मागच्या खोलीत फिनेलचा वास होता आणि त्याच्या खाली दुसरा, डोळ्यांना झोंबणारा. कोंबड्यांचे असतात तसे पिंजरे एकावर एक. पत्रा तापलेला, एक टेबलफॅन घरघरत होता. मी मोजली. अकरा. कुणी ओरडत नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली.

खालच्या रांगेत, कडेच्या पिंजऱ्यात ती होती. कपाळावर डाव्या बाजूला पांढरा पट्टा. पोटाखालचे केस ओले आणि चिकटलेले, एक स्तन लाल होऊन सुजलेला. मी खाली बसले. तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"आजारी न्हाई ती," ती बाई मागनं म्हणाली. "दमलीया. पाचवं बाळंतपण हुतं."

तेवढ्यात तो आला. ह्या वेळी हेल्मेट काढलं. अगदी कोवळा चेहरा, डोळ्यांखाली काळं. त्यानं मला ओळखलं.

"ही मांजरी मला द्या," मी म्हणाले.

"ती देत न्हाई. तिच्यावरच तर चाललंय माझं."

"हे काय चालवलंय तुम्ही इथं?"

"काय चालवलंय? फाउंड्री बंद पडली माझी, मावशी. घरात बसून काय खाऊ? मी काय चोरी करतोय व्हय? तुमास्नीच पाहिजे असत्यात की लांब केसांची. मी रस्त्यावरची धरून इकतो म्हटलं तर कोण घेतंय?"

फाउंड्री म्हटल्यावर मला यजमान आठवले, आणि तरीही मी थांबले नाही. वर्गात वापरायचे त्या आवाजात मी म्हणाले, "मी तुमच्याविरुद्ध पोलिसांत अर्ज देणार आहे. मग बघू कसं चालवताय ते." त्याची बायको दाराच्या चौकटीला हात धरून उभी होती. चौकटीवर कणकेचे डाग पडले. मी ताठ मानेनं बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मला बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं.

अर्ज दिला. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर हवालदार, डॉक्टरीण बाई आणि मी असे तिथं गेलो. मागची खोली धुतलेली होती. फरशी अजून ओली. पिंजरे वर पत्र्यावर टाकलेले, दारं उघडी. तो घरात नव्हता. बायको म्हणाली, "सोडली."

"कुठं?"

तिनं मागच्या ओढ्याकडं हात केला.

हवालदारांनी वही उघडली, परत मिटली. "बाई," मला म्हणाले, "अर्ज देणार म्हणून तुम्ही त्याला आधीच सांगितलं हुतंसा का?"

"हो."

त्यांनी वही खिशात घातली. डॉक्टरीण बाई ओढ्याच्या बाजूला चालू लागल्या.

तीन दिवस आम्ही शोधलं. एका बाजूला ऊस, एका बाजूला कचरा टाकायची जागा, तिथं कुत्र्यांची टोळी. जन्मभर पिंजऱ्यात राहिलेल्या मांजराला पळता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. झाडावर चढता येत नाही. पहिल्या दिवशी एका बोक्याचं कुत्र्यांनी जे ठेवलं होतं ते सापडलं. डॉक्टरीण बाईंनी ते पोत्यात भरलं. तिसऱ्या दिवशी सिमेंटच्या पाइपांच्या ढिगाखाली एक पांढरी मांजरी दिसली, जिवंत. तिनं पळायचा प्रयत्नही केला नाही. पट्टेवाली सापडली नाही. बाकीची आठ सापडली नाहीत. उसात मी वाकून वाकून बघितलं, तोंडावर पात्यांचे चरे उठले. घरी आल्यावर यजमानांनी डाव्या हातानं माझ्या गालाला हात लावला. मी त्यांना काय झालं ते सगळं सांगितलं, मी काय केलं तेसुद्धा. त्यांनी हात काढून घेतला नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही.

पांढरीच्या अंगावरचे केस इतके गुंतले होते की मशीन लावल्यावर सगळा थर घोंगड्यासारखा एकसंध निघाला. खाली जखमा होत्या. वय सात-आठ वर्षं, दात निम्मे गेलेले, डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. तो रोग तिनं कधीच सोसून संपवला असणार, डॉक्टरीण बाई म्हणाल्या, तरी लस देऊ. तिला कुणी घेणारं नव्हतं. म्हणून ती आमच्याकडं आली.

मी कुरुंदवाडला फोन करून सांगितलं. काहीच लपवलं नाही.

"ठेवा तिला," म्हणाल्या. "पण मांडीवर बसंल अशी आशा धरू नका. आणि ती हाय तवर माझ्याकडं पिल्लू मागू नका. तिनं आता कुणाला तोंड द्यायचं न्हाई."

त्या म्हणाल्या तसंच झालं. ती कॉटखाली गेली आणि तिथंच राहिली. आम्ही खोलीत नसू तेव्हा बाहेर येऊन खायची. यजमानांनी पहिले काही दिवस खुर्ची कॉटजवळ ओढून घेतली. तासन् तास बसायचे. मग खुर्ची परत खिडकीशी गेली. व्यायामाच्या बाईंनी चेंडू पुढं केला तर तोंड फिरवायचे. हळूहळू त्या बाईही यायच्या बंद झाल्या.

चारेक महिन्यांनी एका दुपारी दारात ती उभी होती, उचगावची. इस्त्रीची साडी, हातात दवाखान्याची पिशवी. मला वाटलं भांडायला आली.

"अर्जावर तुमचा पत्ता हुता," म्हणाली. "ती पांढरी तुमच्याकडं हाय म्हणं. बघू का जरा?"

मी आत घेतलं. ती कॉटपाशी उकिडवी बसली आणि तिनं एक नाव घेतलं. मांजरीला नाव होतं, हे मला माहीत नव्हतं. कॉटखालनं ती पांढरी बाहेर आली. सरळ चालत आली आणि तिच्या गुडघ्यावर डोकं घासत राहिली. यजमान खिडकीशी बसून बघत होते. त्या बाईनं पदराच्या टोकानं तिच्या डोळ्यातली घाण काढली, अगदी सवयीनं, बोलता बोलता.

"मालक आता टेम्पो चालवत्यात. मांजरं न्हाईत आता." मग थोड्या वेळानं, मी न विचारताच, "ती पट्टेवाली दोनदा परत आलती घरला. पहिल्या रात्रीच आली. दाराला नख्या मारत बसली. तिसऱ्यांदा मालकांनी लांब नेऊन सोडली, कागलच्या पुढं. मग न्हाई आली."

"तुम्ही का नाही ठेवलीत?"

"पोलीस येणार म्हणालतासा की तुमी."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"तुमी आरडाओरडा केला नसतासा तर खोलीत तरी असत्या," ती म्हणाली. मग मांजरीच्या कानामागं खाजवत स्वतःशीच बोलल्यासारखं, "तिथं बी मेल्याच असत्या म्हणा. एकेक करून."

मी चहा टाकला. ती प्याली. "घेऊन जाता का हिला?" मी विचारलं.

"घरात ठिवून घेणार न्हाईत." ती उठली. मांजरीला उचलून कॉटखाली ठेवलं आणि मागं न बघता गेली. परत आली नाही.

मांजरी परत बाहेर येऊन दिवे लागेपर्यंत उंबऱ्यावर बसून होती, मग कॉटखाली गेली. ते नाव आता आम्हाला माहीत आहे. मी रोज वाटी ठेवताना ते घेते, जितकं त्या बाईच्या उच्चारासारखं जमेल तितकं. ती कान हलवते. बाहेर येत नाही.